100 नोंदी, 201 क्वेरी: ओआरएम पेज स्लो का करतं?

वैनगंगेला पूर आला की आमच्याकडे पहिला प्रश्न एकच: कारध्याला पाणी किती? इथली धोक्याची पातळी 245.50 मीटर. सरावासाठी मी जँगोमध्ये अशा नोंदींचं पेज बनवलं. टेबल तीन: नोंद, केंद्र, नदी. पण 100 नोंदी दाखवतानाच पेज रखडायचं.

कारण ओआरएम. हा आपला पायथन कोड एसक्यूएलमध्ये सांगणारा दुभाषी, पण आळशी! मागितल्याशिवाय काही आणत नाही. नोंदींसाठी 1 क्वेरी, मग प्रत्येक नोंदीचं केंद्र आणायला 1, त्याची नदी आणायला आणखी 1. झाल्या 201!

उपाय एका ओळीचा: सिलेक्ट_रिलेटेड. तिन्ही टेबल जॉइन होतात, क्वेरी एकच जाते. उलट, प्रत्येक केंद्राच्या सगळ्या नोंदी हव्या असतील तर प्रीफेच_रिलेटेड वापरा. ते 2 क्वेरी करून जोडणी पायथनमध्ये करतं.

कोड चालला म्हणून खूश होऊ नका, क्वेरी मोजा. पुराच्या रात्री मोबाइलला रेंज किती मिळेल हे आपल्या हातात नाही, क्वेरी मात्र आहेत.