मुष्टियोद्धा मुरलीकांत पेटकर

टिळकवाडीहून पुण्यास निघालेली गाडी निपाणी, कागल, कोल्हापूर मागे टाकते, वारणा ओलांडून सांगली जिल्ह्यात शिरते आणि थोड्याच वेळात पेठ नाक्यावर येते. आपल्यापैकी कित्येकांनी तेथे उतरून चहा घेतला असेल. याच पेठ-इस्लामपूरच्या परिसरात मुरलीकांत पेटकर यांचा जन्म झाला. हा मुलूख कुस्तीचा. लंगोट कसून तांबड्या मातीत उतरणारा मल्ल येथे गावोगाव भेटेल. हातांत मोजे चढवून दोरांच्या चौकोनात उभा राहणारा मुष्टियोद्धा मात्र विरळाच. पेटकरांतला मुष्टियोद्धा घडला तो लष्करात. बेळगावास मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे, पलटणीत खेळाडूला केवढा मान असतो हे आपल्या घरांना सांगावयास नको. पेटकर ई.एम.ई. दलात जवान होते. १९६४ साली तोकियो येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय सैनिकी क्रीडामेळाव्यात त्यांनी मुष्टियुद्धात भारताचे प्रतिनिधित्व केले.

मुष्टियुद्धाचे नाव निघाले की ख्रिस्ती घरात एक शंका उभी राहते. शेजाऱ्यावर प्रेम करावयास शिकलेल्या मुलाने शेजाऱ्याच्या तोंडावर ठोसा मारावा काय? संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात मुष्टियोद्ध्याची उपमा निःसंकोच घेतली आहे. पण तेथे वठणीवर आणावयाचे ते आपलेच शरीर, दुसऱ्याचे नव्हे.

पेटकर तोकियोला गेले त्याच्या आदल्याच वर्षी ही शंका साऱ्या जगापुढे आली होती. मुष्टियुद्धात जोड वजनावरून लावतात. धंदेवाईक खेळात १२६ पौंडांपर्यंतच्या गड्यास ‘फेदरवेट’, म्हणजे पिसासारखा हलका, असे म्हणतात. या गटाचा जगज्जेता होता अमेरिकेतील स्प्रिंगफील्डचा डेव्ही मूर. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये तो हौशी खेळाडू म्हणून लढला, पुढल्या वर्षी धंदेवाईक झाला आणि १९५९ साली नायजेरियाच्या होगन बॅसीला हरवून त्याने जगज्जेतेपद मिळविले. हौशी सामना तीन फेऱ्यांत आटोपतो. जगज्जेतेपदाची धंदेवाईक झुंज त्या काळी पंधरा फेऱ्यांची असे. २१ मार्च १९६३ रोजी लॉस एंजेलिस येथे शुगर रामोस या क्यूबन तरुणाशी लढताना दहाव्या फेरीत मूर पडला आणि त्याची मान खालच्या दोरावर आदळली. सामना संपल्यावर तो वार्ताहरांशी नीट बोलला, पुन्हा लढेन म्हणाला. मग डोके दुखते म्हणाला आणि बेशुद्ध झाला. चार दिवसांनी तो वारला. वय २९, मागे पत्नी आणि पाच मुले. त्यानंतर परमगुरू तेविसावे जॉन यांनी मुष्टियुद्धाला रानटी म्हटल्याचे वृत्त जगभर पसरले. चर्चने बंदीचा नियम असा केला नाही. पण पित्याचे मत काय, हे लेकरांना कळले.

माझे मत विचाराल तर दोष मुठीचा थोडा, आणि तिच्यावर लावलेल्या पैशाचा व तिकीट काढून बसलेल्या गर्दीचा अधिक. तरीही मुलाच्या हाती मोजे देणाऱ्या बापाने हे ध्यानात ठेवावे की, डोक्यावर बसणारा आघात हौशी आणि धंदेवाईक असा भेद जाणत नाही.

पेटकरांची कारकीर्द धंदेवाईक खेळापर्यंत पोहोचलीच नाही. १९६५ च्या युद्धात सियालकोटच्या आघाडीवर त्यांना गोळ्या लागल्या. एक मणक्यात रुतली आणि पाय लुळे पडले. जाणते सांगतात की ठोसा हातातून निघत नाही, तो पायांतून निघतो. म्हणजे या मुष्टियोद्ध्याचे बळ मुळातूनच गेले. उरले दोन खांदे आणि कमावलेला दम.

मुंबईस कुलाब्याच्या ‘अश्विनी’ या नौदलाच्या रुग्णालयात उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरविले. औषध म्हणून घेतलेले पोहणे हाच पुढे त्यांचा खेळ झाला. लंगड्या-पांगळ्यांसाठी झटणाऱ्या एका संस्थेच्या वतीने क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी परदेशच्या प्रवासखर्चास हातभार लावला. या गृहस्थाचे नाव धावांच्या हिशेबात जितके येते तितके या कामात येत नाही, याची खंत वाटते. १९६८ साली तेल अवीव येथील पॅरालिंपिकमध्ये पेटकर टेबल टेनिस खेळले आणि पहिल्या फेरीत जिंकले. १९७२ साली पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर मुक्तशैलीचे अंतर त्यांनी ३७.३३ सेकंदांत कापले. तो जागतिक विक्रम होता आणि पॅरालिंपिकमध्ये भारताला मिळालेले ते पहिले सुवर्णपदक. ऑलिंपिकमध्ये तोवर आपली सुवर्णपदके होती ती सारी हॉकीच्या संघाची. एकट्याने मिळविलेले एकही नव्हते. त्याच मेळाव्यात पेटकर भालाफेकीतही उतरले होते.

घरी परतल्यावर पुण्यास टेल्कोत नोकरी करून त्यांनी संसार चालविला. पदक कपाटात राहिले आणि देश त्यांना विसरला. पद्मश्री मिळाली ती २०१८ साली, हायडेलबर्गनंतर ४६ वर्षांनी. २०२४ साली त्यांच्या आयुष्यावर चित्रपट निघाला, तेव्हा कोठे नव्या पिढीने त्यांचे नाव ऐकले. पुढल्या जानेवारीत राष्ट्रपती भवनात त्यांना जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार देण्यात आला. तो घेण्यासाठी हा वृद्ध जवान कुबड्यांच्या आधाराने उभा होता.