गिअर पडतो, पण गाडी हलत नाही

आवणीच्या दिवसांत पालीच्या बाजारातून खताची गोणी आणायची असो, की रात्री-अपरात्री आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचे असो, सुधागड तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर आज मोटारसायकलच कामी येते. अशा वेळी इंजिन चालू, गिअर पडलेला, पण गाडी जागची हलत नाही, असे झाले की माणूस गांगरतो आणि जोराने रेस देतो. नेमके तेच करू नये. क्लचप्लेटा घसरत असतील तर त्या रेसने जळतात आणि थोडक्यात भागणारे काम मोठ्या खर्चावर जाते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, पंप चालू असून वाफ्यात पाणी आले नाही, तर आपण पाट कुठे फुटला ते पाहतो. लगेच पंप खोलत नाही. येथेही तसेच करावे. ताकदीची वाट अशी : इंजिन, क्लच, गिअर, पुढचे दातेरी चक्र, चेन, मागचे चक्र आणि चाक.

क्लच नेहमीसारखा सोडताच इंजिन बंद पडत असेल, तर ताकद पुढे जात आहे, पण चाक अडले आहे. मडगार्डमध्ये चिखल घट्ट बसला आहे का, मागचा ब्रेक धरून राहिला आहे का, उतरलेली चेन अडकली आहे का, ते पाहावे.

इंजिन बंद पडत नसेल, तर गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावावी. एकाने हँडल धरावे. पदर, पंचा, मुले चाकापासून दूर ठेवावीत. पहिला गिअर टाकून क्लच हळूहळू सोडावा.

१. चाक फिरते, पण खाली उतरवल्यावर गाडी हलत नाही : क्लच घसरतो आहे. क्लचच्या लिव्हरचे टोक साधारण १० ते २० मिलिमीटर सैल हलले पाहिजे. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. वायर ताणलेली असेल तर नट फिरवून सैल करावी. तरीही फरक पडला नाही, तर प्लेटा व स्प्रिंगा मिस्त्रीकडून तपासून घ्याव्यात.

२. चेन फिरते, चाक फिरत नाही : मागच्या चक्राचे दाते झिजले आहेत किंवा ते हबवर सुटले आहे.

३. चेनही फिरत नाही : इंजिन बंद करावे. चेन उतरली वा तुटली आहे का, ते कव्हरची रबरी टोपी काढून पाहावे. चेन जागेवर असेल, तर गिअरच्या पायदांडीचा बोल्ट पाहावा. तो ढिला असला की दांडी हलते, पण गिअर पडत नाही. बोल्ट आवळूनही जमले नाही, तर दोष क्लच किंवा गिअरमध्ये आहे. ते काम मिस्त्रीचेच.

ऑइलकडेही लक्ष द्यावे. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. चारचाकीच्या काही ऑइलांतील निसरडेपणा वाढवणाऱ्या द्रव्यांमुळे प्लेटा घसरतात. म्हणून चार स्ट्रोक गाडीसाठी डब्यावर 'जॅसो एमए' लिहिलेले, पुस्तिकेत सांगितलेल्या जाडीचेच ऑइल घ्यावे. चढणीवर क्लच अर्धवट दाबून गाडी रेटू नये. पावसाळ्यात चेन धुऊन, वाळवून तिला तेल द्यावे.

ही तपासणी घरातल्या मोठ्या मुला-मुलींनाही शिकवावी. "गाडी बिघडली" असे न सांगता "स्टँडवर चाक फिरते, खाली घसरते" असे सांगितले, तर मिस्त्रीला दोष लवकर सापडतो आणि नको ती खोलाखोल टळते.