बोर्निओच्या अरण्यात मुक्काम कोठे करावा?

अरण्यात जाऊन राहण्याची हौस पूर्वी राजेरजवाड्यांना व साहेबलोकांना असे. आता ती मध्यम स्थितीतील कुटुंबांनाही लागली आहे, आणि हे चांगलेच झाले. ताडोबा, पेंच, कान्हा ही नावे हल्ली लहान मुलांच्याही तोंडी असतात. ह्या हौसेची पुढची पायरी म्हणून कित्येक मंडळी समुद्रापलीकडील वर्षावनांकडे वळू लागली आहेत. तेथे उतरण्याच्या जागेस लॉज म्हणतात. आपल्याकडे लॉज म्हटले की स्टेशनाजवळची, रात्रीपुरती पाठ टेकण्याची खोली डोळ्यांपुढे उभी राहते, आणि भाडे, स्वच्छता व जेवण ह्या तीन गोष्टी पाहून तिची निवड होते. वर्षावनातील लॉजची निवड केवळ ह्याच कसोट्यांवर केली, तर पुष्कळ द्रव्य खर्चूनही पदरी निराशा येण्याचा संभव असतो. कारण तेथे मुक्कामाची जागा ठरली, की काय दिसणार आणि काय दिसणार नाही हेही बहुतांशी ठरून जाते.

असे का व्हावे, हे समजण्याकरिता आपल्या परिचयाच्या जंगलाशी तुलना करून पाहावी. ताडोब्याचे जंगल पानगळीचे आहे. वैशाखात झाडे उघडी पडतात, ओढे आटतात, आणि उरलेल्या पाणवठ्यांवर जनावरांना येणे भागच पडते. त्यामुळे मुक्काम जंगलाबाहेर असला तरी पहाटे जीपमधून निघून दोन घटकांत वाघाचे दर्शन घडू शकते. वर्षावनात ही सोय नाही. येथे एक नवलाची गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. महाबळेश्वरास वर्षाकाठी 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; बोर्निओतील डानुम खोऱ्यात तो सुमारे 2,800 मिलिमीटर, म्हणजे महाबळेश्वरच्या मानाने पुष्कळच कमी. परंतु महाबळेश्वरचा पाऊस बहुतेक सारा चार महिन्यांत ओतून मोकळा होतो, तर डानुमचा बाराही महिन्यांत वाटून पडतो. वर्षावन घडते ते पावसाच्या ह्या वाटणीमुळे. तेथे पाणी सर्वत्र, पाला सर्वकाळ. जनावरांना अमुक एका ठिकाणी येण्याचे कारणच उरत नाही. शिवाय त्यांतील कित्येकांचा संसार जमिनीपासून तीस-चाळीस मीटर उंचीवर, पानांच्या छताआड चाललेला असतो. अशा ठिकाणी धावत्या वाहनातून काही हाती लागत नाही. पहाटे, संध्याकाळी आणि रात्रीही जो अरण्यातच असतो, त्यालाच ते थोडेथोडे उलगडते.

हे सारे एका प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहणे बरे. बोर्निओ बेटाच्या उत्तर टोकास साबा नावाचे मलेशियाचे घटकराज्य आहे. त्याच्या पूर्व भागात एकमेकांपासून फार दूर नसलेली तीन स्थळे आहेत : सेपिलोक, किनाबातांगान नदी आणि डानुम खोरे. तिन्ही ठिकाणी लॉज आहेत, तिन्ही ठिकाणी ओरांगउटान दिसण्याची आशा असते, आणि जाहिरातींतील चित्रे पाहिली तर तिन्ही एकसारखीच वाटतात. वस्तुतः ती तीन निरनिराळ्या प्रकारची आहेत.

सेपिलोक हे सांडाकान शहरापासून सुमारे 25 किलोमीटरांवर आहे. मलय भाषेत ‘ओरांग’ म्हणजे माणूस आणि ‘हुतान’ म्हणजे जंगल. ह्या ‘जंगलच्या माणसा’ची पोरकी झालेली पिल्ले सांभाळून त्यांना पुन्हा वनात सोडण्याचे केंद्र येथे 1964 साली निघाले. झाडे तोडताना, मळ्यांसाठी जंगल साफ करताना किंवा घरी पाळण्याच्या हव्यासापायी आईवेगळी झालेली पिल्ले येथे येतात. ठरलेल्या वेळी मचाणावर त्यांच्यासाठी फळे ठेवली जातात, आणि पाहुण्यांना ती दुरून पाहता येतात. शेजारीच सूर्यअस्वलांसाठी तसेच केंद्र आहे. सेपिलोकच्या आसपास माफक भाड्याची विश्रामगृहे पुष्कळ आहेत. लहान मुले व वृद्ध बरोबर असतील तर प्रवासाचा आरंभ येथून करणे सोयीचे. मात्र हे एक प्रकारचे अनाथालय आहे, ह्याचे भान ठेवावे. येथे ओरांगउटान पाहिला म्हणजे अरण्य पाहिले, असे समजून परतू नये. एक रात्र येथे पुरते.

दुसरे स्थळ किनाबातांगान नदी. हिची लांबी सुमारे 560 किलोमीटर. सुकाउ व बिलिट ह्या गावांच्या आसपास तिच्या काठी अनेक लॉज उभे आहेत. येथे पाहणे होते ते नावेतून. सकाळ-संध्याकाळ नावा निघतात, आणि नवख्या प्रवाशालाही रिक्तहस्ते परतण्याची पाळी क्वचितच येते. लांब, लोंबत्या नाकाचे वानर, जे बोर्निओखेरीज जगात कोठेही रानात आढळत नाही, ते दिवसभर आत चरून संध्याकाळी झोपण्यासाठी पाण्याकाठच्या झाडांवर येते. बोर्निओतील आठही जातींचे धनेश पक्षी येथे आहेत. मगरी आहेत, आणि दैव अनुकूल असेल तर बुटक्या हत्तींचा कळप नदी ओलांडतानाही दिसतो.

इतकी जनावरे इतक्या सुलभपणे का दिसतात, हा प्रश्न मात्र फार थोडे प्रवासी विचारतात. त्याचे उत्तर नावेतून दिसत नाही. वरून पाहिले तर तत्काळ दिसते. नदीच्या दोन्ही बाजूंस पुष्कळ ठिकाणी जंगलाची केवळ एक चिंचोळी पट्टी उरली आहे, आणि तिच्या मागे दृष्टी पोचेल तेथवर पामतेलाच्या झाडांचे मळे पसरले आहेत. जनावरे नदीकाठी गर्दी करतात, कारण त्यांना मागे सरण्यास जागा राहिलेली नाही. 2005 साली ह्या उरल्यासुरल्या तुकड्यांचे मिळून सुमारे 26,000 हेक्टरांचे अभयारण्य जाहीर झाले; पण ते तुकड्यातुकड्यांचेच आहे. म्हणजे ‘येथे हमखास जनावरे दिसतात’ ही लॉजची मोठी शिफारस खरी असली, तरी ती अरण्याच्या सुस्थितीची खूण नव्हे. ह्याचा अर्थ तेथे जाऊ नये असा मुळीच नाही. ही पट्टी टिकावी असे वाटत असेल, तर ती उभी ठेवण्यात कोणाचा तरी लाभ असला पाहिजे, आणि तो लाभ प्रवासीच देऊ शकतो.

तो कोणाच्या पदरी पडतो, हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे. नदीकाठच्या मूळ रहिवाशांना ‘ओरांग सुंगाइ’, म्हणजे ‘नदीची माणसे’, म्हणतात. बातु पुतिह ह्या गावच्या परिसरातील ह्या लोकांनी गेल्या शतकाच्या अखेरीपासून प्रवाशांची सोय आपल्या घरांतच करण्याचा उपक्रम चालविला आहे. पुढे त्यांनी सहकारी संस्था स्थापिली आणि उजाड झालेल्या जागी पुन्हा झाडे लावण्याचे कामही हाती घेतले. सहकाराची परंपरा लाभलेल्या महाराष्ट्रीय वाचकाला ह्याचे मर्म वेगळे सांगावयास नको. अशा घरी भात, मासळी, भाजी असे साधे जेवण असते, न्हाणीघर साधे असते, आणि घरच्या मंडळींच्या रीतिभातींचा मान राखावा लागतो. ज्यांना हे रुचेल त्यांना नदीची माहिती नदीच्याच माणसाकडून मिळते. शाकाहारी कुटुंबांनी तसे आगाऊ कळवावे. ऐन वेळी सांगितल्यास यजमानांची पंचाईत होते.

तिसरे स्थळ डानुम खोरे, आणि खऱ्या अर्थाने वर्षावन पाहावयाचे ते येथे. लाहाड दातु गावापासून सुमारे 80 किलोमीटरांचा, बहुतांशी कच्चा रस्ता पार केल्यावर 438 चौरस किलोमीटरांचे, कुऱ्हाड न लागलेले अरण्य सुरू होते. कान्ह्यास जाऊन आलेल्यांना तेथील सालाचे उंच वृक्ष आठवत असतील. डानुमचे बहुतेक महावृक्ष त्याच सालाच्या कुळातील आहेत. पण त्यांची उंची पाहून मती गुंग होते. त्यांतील एक वृक्ष 2019 साली दोरी लावून मोजला, तो 100.8 मीटर भरला. त्याला ‘मेनारा’, म्हणजे मनोरा, असे नाव दिले आहे.

परंतु ह्या समृद्ध अरण्यात जनावरे मात्र नदीकाठच्यापेक्षा कमी दिसतात, आणि ह्याचे मूळ त्या वृक्षांच्या स्वभावातच आहे. ते दरवर्षी फळत नाहीत. काही वर्षांच्या अंतराने सारे जंगल एकदम बहरते व फळांनी लगडते. मधल्या काळात फळांचा तुटवडा असतो. म्हणूनच फळांवर पोट भरणारा ओरांगउटान कळप करून राहत नाही. एकेकटा दूरदूर हिंडतो. त्या वेळी कोणते वडा-उंबराच्या जातीचे झाड फळावर आले आहे, हे ज्या वाटाड्याला ठाऊक असेल तोच पाहुण्याला त्याच्यापर्यंत नेऊ शकतो. डानुममध्ये लॉजच्या खोल्यांपेक्षा तेथील वाटाड्यांची चौकशी अधिक करावी ती ह्यासाठी.

डानुममध्ये राहण्याच्या मुख्य सोयी दोन. एक, 1994 साली सुरू झालेले बोर्निओ रेनफॉरेस्ट लॉज. हे सर्व सुखसोयींनी युक्त, उत्तम वाटाडे असलेले आणि तितकेच महाग आहे. झाडांच्या शेंड्यांतून चालण्यासाठी त्याच्याजवळ टांगता मार्ग बांधलेला आहे. दुसरी, 1986 पासून चाललेले संशोधन केंद्र. येथे शास्त्रज्ञांच्या वावरात, साध्या खोलीत किंवा सामाईक शयनगृहात पाहुण्यांचीही व्यवस्था होते. मात्र ती फार आधी ठरवावी लागते. ज्याची मिळकत बेताची पण जिज्ञासा मोठी आहे, अशा कुटुंबाने ह्या दुसऱ्या सोयीचा अवश्य विचार करावा. अरण्य दोघांनाही तेच आहे.

पैसे पाठविण्यापूर्वी कोणत्याही लॉजला काही प्रश्न विचारावेत. लॉजच्या दाराशी जंगल आहे की मळा? एका वाटाड्यामागे किती पाहुणे? सहा असतील तर ठीक. पंधरा असतील तर ती मिरवणूक होते. रात्रीची फेरी भाड्यात धरली आहे काय? बोर्निओतील पुष्कळ जीव, उडती खार, लोरिस, झाडबेडूक, हे अंधारातच बाहेर पडतात. जनावरांना खाऊ घालून जवळ आणतात काय? तसे असेल तर ते ठिकाण वर्ज्य करावे. वाटाडे व नोकरवर्ग आसपासच्या गावांतील आहेत काय? ह्या प्रश्नांची सरळ उत्तरे देणारा लॉजमालक, गुळगुळीत चित्रे पाठविणाऱ्यापेक्षा अधिक भरवशाचा समजावा.

ऋतूचाही विचार हवा. पाऊस बारमाही असला तरी पूर्व साबात नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्याचा जोर अधिक, आणि त्या दिवसांत किनाबातांगानला पूर येतो. आपल्याकडील मे महिन्याची सुट्टी ह्या प्रवासास अनुकूल. दिवाळीची सुट्टी पावसाच्या तोंडावर येते. नाताळची टाळलेली बरी. आंबोलीच्या पावसात हिंडलेल्यांना जळवांची ओळख असतेच. डानुममध्ये त्या पानापानांवर वाट पाहत असतात. त्यांच्यासाठी गुडघ्यापर्यंतचे दाट विणीचे मोजे मिळतात, ते घ्यावेत. त्याहून गंभीर बाब हिवतापाची. साबात माकडांपासून डासांमार्फत माणसास होणारा हिवताप आढळतो. सबब खिडक्यांना जाळी किंवा पलंगाला मच्छरदाणी आहे ना, हे लॉजला विचारावे आणि निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

सहा रात्री हाताशी असतील, तर एक सेपिलोकला, दोन नदीकाठी व तीन डानुमला, अशी वाटणी उत्तम. पैसा कमी पडत असेल तर खोलीची प्रत उतरवावी, रात्रींची संख्या घटवू नये. वर्षावन पहिल्या दिवशी नुसती हिरवी भिंत वाटते. तिसऱ्या दिवशी त्या भिंतीत दारे दिसू लागतात.

ह्या निवडीला आणखी एक बाजू आहे, आणि ती केवळ प्रवाशाच्या सुखाची नव्हे. सुमात्री गेंडा, जगातील गेंड्यांमध्ये सर्वांत लहान व केसाळ, एकेकाळी ह्याच अरण्यांत वावरत असे. ताम नावाचा नर 2008 साली पामच्या मळ्यात भटकताना सापडला. इमान नावाची मादी 2014 साली डानुम खोऱ्यात पकडून जोडीसाठी आणली. संतती झाली नाही. 2019 सालच्या मे महिन्यात ताम व नोव्हेंबरात इमान मरण पावली, आणि मलेशियातून ही जात नाहीशी झाली. शिकार आणि जंगलतोड ह्यांनी गेंडे इतके विरळ केले होते, की उरलेल्यांना एकमेकांची भेटही दुर्लभ झाली. उभ्या जंगलाला तोडलेल्या जंगलाइतके मोल आहे, हे वेळीच कोणाच्या ध्यानात आले नाही. प्रवासी जेव्हा अरण्य राखणाऱ्या लॉजला, अरण्यालगतच्या गावाला आणि जाणत्या वाटाड्याला आपले पैसे देतो, तेव्हा तो हे मोल वाढवितो. म्हणून खोलीचे भाडे विचारण्यापूर्वी तिच्या मागचे जंगल किती खोल आहे आणि ते कोणाच्या हाती आहे, हे विचारावे.