दोन उड्डाणांमधली दोन मिनिटं

धावपट्टी रिकामी झाली की मागचं विमान सोडायला काय हरकत, असं खिडकीशी बसलेल्या बहुतेकांना वाटतं. वैमानिकाला 'लाइन अप अँड वेट' एवढंच सांगून टॉवर गप्प असतो आणि विमानात कुजबुज सुरू होते. पण धावपट्टी रिकामी असली तरी तिच्यावरची हवा शांत झालेली नसते. नाक उचलून पंखांनी वजन पेललं, की पंखांच्या टोकांपासून जोरकस भोवरे सुटतात. हा इंजिनांच्या झोताचा परिणाम नव्हे. झोत लवकर विरतो. भोवरे मिनिट-दोन मिनिटं टिकतात आणि मागच्या लहान विमानाला कुशीवर लोळवू शकतात. विमान जितकं जड आणि संथ, तितका भोवरा बळकट.

सगळ्या विमानांना सारखंच थांबावं लागतं, हेही खरं नाही. आंतरराष्ट्रीय नियमांच्या मूळ वर्गवारीत 1,36,000 किलो किंवा त्याहून जास्त उड्डाणवजनाचं विमान 'हेवी'. बोइंग 777च्या मागे एअरबस ए320 असेल तर दोन मिनिटं. पुढे ए380 असेल तर तीन. ए320च्या मागे ए320 असेल तर भोवऱ्यांसाठी वेगळी मिनिटं मोजत नाहीत. दोघांच्या वाटा उड्डाणानंतर लगेच 45 अंशांनी फुटत असतील तर एक मिनिटही पुरतं. रडारवर दोन्ही दिसत असतील तर बहुधा घड्याळाऐवजी मैल मोजले जातात.

सगळ्यात फसवा समज असा, की लहान विमानाला थोडीच धावपट्टी लागते, तेव्हा ते मधूनच सोडलं तर वेळ वाचेल. इथे नियम उलट कडक होतो, दोनाची तीन मिनिटं होतात. सुरुवातीपासून निघालेलं लहान विमान जड विमानाने नाक उचललं त्या जागेच्या आधीच हवेत जातं, भोवऱ्यांच्या वरून. मधून निघालेलं नेमकं भोवऱ्यांत शिरतं.

वारा मंद म्हणजे धोका कमी, असंही नाही. जमिनीजवळ आलेले भोवरे दोन-तीन नॉट वेगाने बाजूला सरकतात. तेवढाच आडवा वारा असेल तर वाऱ्याकडचा भोवरा धावपट्टीवरच अडकून राहतो. जोराचा वारा मात्र त्यांना उधळून लावतो.

मुंबईत याला आणखी एक पेच. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते, आणि उड्डाणं उतरणाऱ्या विमानांच्या मधल्या फटीत बसवावी लागतात. तरीही 24 नोव्हेंबर 2017 रोजी तिथे चोवीस तासांत 969 विमानांची ये-जा झाली. दोन उड्डाणांमधल्या थांब्याला ढिलाई म्हणणं नियंत्रकांवर अन्याय आहे.