मोठा आकडा, छोटा उजेड: शोधपथकांनी टॉर्च कसा निवडावा?

रात्रीच्या शोधमोहिमेत टॉर्चची परीक्षा पहिल्या पाच मिनिटांत होत नाही, चौथ्या-पाचव्या तासाला होते. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. मदतीला निघालेल्यांना भर पावसात, अंधारात निसरडी पायवाट चढावी लागली. सह्याद्रीतल्या अशा प्रसंगी लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’ किंवा खोपोलीच्या ‘यशवंती हायकर्स’सारख्या संस्थांचे स्वयंसेवक धावून जातात. अशा पथकांसाठी टॉर्च घेताना मात्र खोक्यावरच्या सर्वांत मोठ्या आकड्याची भुरळ पडते.

तो आकडा लुमेनचा, म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचा असतो. झोत किती लांब जाणार हे कँडेलावर, म्हणजे एका दिशेने जाणाऱ्या प्रकाशाच्या तीव्रतेवर ठरते. टॉर्चसाठीच्या एएनएसआय एफएल-१ या मानकानुसार प्रकाश ०.२५ लक्सवर, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उतरतो, तिथवर झोताचे अंतर मोजतात. या हिशेबाने १०,००० कँडेलाचा झोत २०० मीटर जातो. ४०० मीटरसाठी ४०,००० लागतात. चांदण्यात दूरचा माणूस आणि खडक यांत फरक करणे कठीण, म्हणून छापील अंतर निम्मेच धरावे. तिथे उजेड चौपट असतो.

खरी मेख चालण्याच्या वेळेत आहे. याच मानकात उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ मोजतात. त्यामुळे ‘१००० लुमेन, पाच तास’ असे छापलेला टॉर्च तापून काही मिनिटांतच मंदावला आणि उरलेला वेळ दोन-तीनशे लुमेनवर रेंगाळला, तरी छापलेले खोटे ठरत नाही. साध्या गणिताने हे पडताळता येते. २१७०० आकाराच्या चांगल्या सेलमध्ये साधारण १८ वॉट-तास ऊर्जा असते. एका वॉटला १०० लुमेन धरले, तर ३०० लुमेन सहा तास मिळतात आणि १००० लुमेन दोन तासही नाहीत. पथकाला उपयोगी पडतात ते स्थिर ३०० लुमेन.

हेडटॉर्च असताना हातातला टॉर्च कशाला, हा प्रश्न पावसाळी घाटमाथ्यावर एकदा फिरले की उरत नाही. धुक्याचे थेंब प्रकाश उलट फेकतात. दिवा कपाळावर असला की तो प्रकाश थेट डोळ्यांवर येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. तोच झोत कमरेच्या उंचीवरून, कमी प्रखर करून टाकला की पायवाट दिसते. झोत जमिनीलगत तिरका धरला तर सावल्या लांबतात आणि चिखलातले पाऊल किंवा घसरल्याची खूण उठून दिसते. दोर हाताळताना किंवा स्ट्रेचर उचलताना दोन्ही हात मोकळे हवेत, तिथे हेडटॉर्चच लागतो. म्हणजे दोन्ही हवेत. रंग खरे दाखवणारा, ९० च्या आसपास सीआरआय असलेला प्रकाश जखम तपासताना रक्त आणि चिखल यांतला फरक दाखवतो. त्यासाठी थोडे लुमेन गेले तरी चालतील.

सेल बदलता येणारा हवा. आत कायमचा बसवलेला सेल संपला की टॉर्च चार्जरला लावून बसावे लागते, आणि दरड कोसळलेल्या गावात वीज असेलच असे नाही. पथकातल्या सर्वांचे टॉर्च एकाच आकाराच्या सेलवर चालावेत, म्हणजे एकाचा सेल दुसऱ्याला देता येतो. १८६५० आकारात साधारण ३५०० एमएएचपर्यंतची क्षमता पटण्याजोगी. ९९०० छापलेला सेल बनावट समजावा. पाण्यासाठी आयपीएक्स-७ ही किमान अट ठेवावी. त्यात टॉर्च एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. बटण ओल्या हातमोज्यानेही दाबता यावे, पण सॅकमध्ये आपोआप दबू नये म्हणून ते लॉक करण्याची सोय हवी.

प्रत्येकाकडे हेडटॉर्च, स्थिर उजेडाचा हातटॉर्च आणि भरलेला जादा सेल. लांब झोताचे एक-दोन टॉर्च पूर्ण पथकात मिळून पुरेत. लिथियम सेल पूर्ण भरून ठेवले की लवकर म्हातारे होतात, पण पथकाला ते भरलेलेच हवेत. म्हणून सेलवर खरेदीची तारीख लिहावी, महिन्याला चार्ज तपासावा आणि क्षमता घटलेले सेल सरावासाठी वेगळे काढावेत. हे काम नेमून दिलेल्या एका माणसाकडे असावे; सगळ्यांचे म्हणून ठेवलेले काम कोणीच करत नाही.