खसखशीएवढा मेंदू, पाच कोटी जोड

केळी जरा जास्त पिकली की त्यांच्यावर चिलटं घोंगावू लागतात. त्यांतलीच एक फळमाशी. मेंदू जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढा. पण त्याचा संपूर्ण नकाशा काढायला शेकडो जणांना कित्येक वर्षं खपावं लागलं. ऑक्टोबर २०२४मध्ये तो ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला: १,३९,२५५ चेतापेशी आणि त्यांच्यातले पाच कोटींहून अधिक जोड.

पद्धत ऐकून वेफर्सची किसणी लाजेल. एकाच मादी माशीच्या मेंदूचे सात हजारांवर काप, प्रत्येक ४० नॅनोमीटर जाडीचा! इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं त्यांची छायाचित्रं घेतली, संगणकानं चेतापेशींचे धागे जुळवले. संगणकही चुकतोच, मग माणसांनी बसून एकेक चूक निस्तरली. मला कौतुक या चिकाटीचंच अधिक. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या माला मूर्ती आणि सेबॅस्टियन सुंग यांनी प्रकल्पाची धुरा वाहिली.

उपयोग काय? संशोधकांनी हा नकाशा संगणकात चालवून गोडाची चव ओळखणाऱ्या पेशी चेतवल्या, तर सोंड बाहेर काढायला लावणारी पेशीही जागी झाली. खऱ्या माशीच्या पायाला साखरपाणी लागलं की तीही सोंड काढते.

हा झाला माशीचा मेंदू; आपल्या मेंदूत अशा चेतापेशी सुमारे ८,६०० कोटी आहेत.