माणसं घटली, पण इंग्रजीत कशी?

परदेशी शिकायला जायचं म्हणून आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांना आलेख इंग्रजीत मांडावा लागतो. सावंतवाडीतल्या मुलांनी सरावाला परमुलखाचे आकडे कशाला घ्यायचे? आपला जिल्हा आहेच. 2001 च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या 8,68,825 होती, 2011 मध्ये ती 8,49,651 झाली. म्हणजे 19,174 माणसं कमी.

इथे ‘फेल बाय’ आणि ‘फेल टू’ यांत गल्लत झाली की घात. ‘बाय’नंतर फरक येतो, ‘टू’नंतर शेवटचा आकडा. ‘फेल बाय 8,49,651’ असं लिहिलंत, तर अख्ख्या जिल्ह्यात उरतील जेमतेम 19,174 माणसं!

घट सुमारे 2.2 टक्क्यांची. तिला ‘प्लंज्ड’ म्हणणं म्हणजे निव्वळ कांगावा; ‘फेल स्लाइटली’ पुरे. क्रियापदाच्या जागी नाम आणलं, तर ‘अ स्लाइट फॉल इन’ म्हणायचं. काळ साधा भूतकाळ, कारण ते दशक संपलं. ‘स्टेडिली’ मात्र नको. दोन टोकांच्या आकड्यांवरून मधल्या वर्षांची चाल कळत नाही.

खरी मेख पुढेच आहे. याच दोन जनगणनांत महाराष्ट्राच्या लोकसंख्येची दशवार्षिक वाढ 22.73 टक्क्यांवरून 15.99 टक्क्यांवर आली. घटला तो वाढीचा वेग, माणसं वाढलीच. म्हणून ‘ग्रोथ स्लोड’ म्हणावं, ‘पॉप्युलेशन फेल’ नव्हे. शिवाय हा 6.74 चा फरक ‘पर्सेंट’ नाही, ‘पर्सेंटेज पॉइंट्स’ आहे. टक्क्यांत मोजलीत, तर हीच घट जवळजवळ 30 भरते.